इंकजेटसाठी कागद: साधा, मॅट की ग्लॉसी?

छपाई फिकी आली की लोक शाईला नाहीतर प्रिंटरला दोष देतात. बरेचदा दोष कागदाचा असतो. इंकजेटची शाई पातळ असते; ती कागदात किती खोल मुरते यावर रंगाचा उठाव ठरतो.

साधा ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ७०-८० ग्रॅम असलेला) कागद पत्रं, अर्ज, नोट्स यांसाठी पुरेसा आहे. त्यावर लेप नसतो, त्यामुळे शाई तंतूंमधून पसरते. भिंगातून पाहिलं तर अक्षरांच्या कडांना बारीक फाटे फुटलेले दिसतात. पानभर चित्र छापलं तर कागद लहरतो आणि रंग मागे उमटतो. पाठपोट छापायचं असेल तर ९०-१०० जीएसएम घ्या.

मॅट कोटेड कागदाकडे फार कमी जणांचं लक्ष जातं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. लेप शाईला वरच धरून ठेवतो, त्यामुळे रेषा रेखीव येते. चकाकी नसल्याने दिव्याखालीही नीट वाचता येतं. तक्ते, प्रकल्पाची पानं, आमंत्रणं यांसाठी माझी पसंती यालाच. बहुतेक मॅट कागदांवर लेप एकाच बाजूला असतो. कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा. जी बाजू चिकटते ती छपाईची.

ग्लॉसी, म्हणजे चकचकीत कागद, फोटोंसाठीच ठेवा. त्यातही आरसी, म्हणजे दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा थर असलेला कागद घेतला तर तो भरपूर शाई पडूनही लहरत नाही. बोटांचे ठसे मात्र लगेच उठतात. ते नको असतील तर सॅटिन, म्हणजे कमी चकाकीचा कागद बघा.

आता शाई. डाय शाई, म्हणजे पूर्ण विरघळलेल्या रंगाची शाई, ग्लॉसीवर खुलते. पिगमेंट शाईत रंगाचे न विरघळलेले बारीक कण असतात; ती पृष्ठभागावरच बसते, म्हणून ती साध्या आणि मॅट कागदावर ठसठशीत दिसते. हलक्या प्रतीच्या ग्लॉसीवर मात्र ती बोटाने पुसली जाऊ शकते. पुष्कळ घरगुती प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट आणि रंगीत शाया डाय असतात. सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडला की असे प्रिंटर बहुधा पिगमेंट काळी बाजूला ठेवून रंगांतूनच काळा तयार करतात. म्हणून कागद बदलला की सेटिंगही बदलायलाच हवं.

लेझर प्रिंटरसाठीचा चकचकीत कागद इंकजेटमध्ये घालू नका, शाई वाळतच नाही. उलटं करणं तर जास्त धोक्याचं: इंकजेटचा फोटो पेपर लेझरच्या तापलेल्या रोलरला वितळून चिकटू शकतो.