चिमणीचा ६ इंची पाईप-किट: नळी ठेवा, टोपी बदला

किचन चिमणीसाठी किंवा इनलाइन फॅनसाठी, म्हणजे पाईपच्या मधेच बसणाऱ्या पंख्यासाठी, तयार पाईप-किट मिळतो. त्यात १० फुटी लवचिक ॲल्युमिनियम नळी, बाहेरच्या भिंतीवर बसवायची प्लास्टिकची टोपी म्हणजे काउल, दोन क्लॅम्प आणि टेपचा एक रोल असतो. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दुकानांपासून ऑनलाइनपर्यंत माल थोड्याफार फरकाने हाच. नागपूरचं ऊन आणि सावजी फोडणीचं तेल या दोन्हींपुढे या चारांतल्या दोनच वस्तू टिकतात.

नळी चांगली आहे, पाचात चार गुण. खराब होते ती बसवताना. चिमणीपासून भिंतीपर्यंत साडेचार फूट अंतर असलं तरी मिस्त्री दहाच्या दहा फूट नळी फॉल्स सीलिंगवर कोंबून ठेवतो. न ताणलेल्या नळीच्या वळ्यांमध्ये हवा अडते, तेल साचतं, आणि जिथे झोळ पडतो तिथे काळं पाणी जमून ते उलटं चिमणीत गळतं. नळी पूर्ण ताणायची, मापात कापायची आणि दर चार फुटांवर पट्टीने टांगायची. वळणं दोनपेक्षा जास्त नकोत, आणि तीही ऐसपैस. पल्ला १० फुटांच्या पुढे जात असेल तर किटच्या भानगडीत न पडता जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा गोल डक्ट करून घ्यावा. भिंतीत जुनं ४ इंची भोक आहे म्हणून रिड्यूसर, म्हणजे मोठ्या नळीला लहान भोकाशी जोडणारा तुकडा, लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. ६ वरून ४ इंचांवर आलात की वाट ४४ टक्केच उरते, आवाज मात्र वाढतो.

क्लॅम्प ठीक. टेप फेकून द्या. राखाडी कापडी टेपचा गोंद मे महिन्यात पातळ होऊन सरकतो. त्याऐवजी ॲल्युमिनियम फॉइल टेप घ्यावी. जोड आधी कोरड्या फडक्याने पुसावा, क्लॅम्प आवळावा आणि मग त्यावर दोन वेढे द्यावेत.

काउलला पाचात एक गुण, तोही दयेने. पांढरं प्लास्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळं पडतं, ठिसूळ होतं आणि स्क्रूच्या भोकाशी तडकतं. तोंड खाली असलेली ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची काउल घ्या. आत झडप हवीच. ती नसेल तर चिमणी बंद असताना एप्रिल-मेची झळ आणि धूळ थेट गॅसच्या ओट्यावर उतरते. झडप स्वतःच्या वजनाने मिटते का, हे दुकानातच हाताने पाहून घ्या. कबुतरांसाठी अर्धा इंची जाळी पुरते. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी तेलाने काही महिन्यांतच बुजते आणि दोष मोटरला दिला जातो.

किटमध्ये नसलेलं पण सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे भिंतीतलं भोक. छिन्नी-हातोड्याने नव्हे, कोअर कटिंग मशीनने साडेसहा ते सात इंची करून घ्यावं. बीम आणि कॉलम सोडून, आतली वायरिंग तपासून. ९ इंची विटेची भिंत प्लास्टरसह साडेदहा इंच भरते, म्हणून १५० मिमीचा पत्र्याचा स्लीव्ह, म्हणजे भोकात बसणारी नळी, १४ इंची कापावा, म्हणजे आत क्लॅम्पला आणि बाहेर काउलला पकड मिळते. भोकाला बाहेरच्या बाजूला ६ ते ८ मिमी उतार हवा. सपाट भोकातून जुलैत पाणी आत येतं, मग सिलिकॉनवर सिलिकॉन चढत राहतं. फटीत पीयू फोम (फुगून घट्ट होणारा फेस) चालेल, पण उघडा ठेवला तर उन्हाने भुगा होतो. कापून वर सिमेंट लावा. पश्चिमेच्या भिंतीवर शक्यतो छज्जाखालची जागा धरा. फ्लॅटमध्ये प्लंबिंगच्या शाफ्टमध्ये तोंड काढू नका, वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये तुमची फोडणी पोहोचते.

पंख्याची निवडही इथेच चुकते. खिडकीत बसणारा साधा एक्झॉस्ट फॅन पाईप जोडला की दमतो, कारण तो दाबाविरुद्ध हवा ढकलायला बनलेला नसतो. पाईपसाठी इनलाइन फॅनच हवा. १० × ८ फूट आणि १० फूट उंचीच्या स्वयंपाकघरात ८०० घनफूट हवा असते. तासाला १५ वेळा बदलायची तर २०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला २०० घनफूट, लागतात. खोक्यावरचा आकडा पाईप न लावता मोजलेला असतो, म्हणून ३०० च्या आसपासचा घ्यावा.

आता कूलर. काउल आणि कूलर एकाच बाजूला असतील तर किमान १० फूट अंतर ठेवा, नाहीतर मिरचीचा ठसका कूलरच्या गवतातून हॉलमध्ये परततो. कूलरची ओलसर हवा बाहेर काढायला हा ६ इंची पाईप पुरेल, अशी आशा धरू नका. त्यासाठी समोरची खिडकी उघडीच लागते. मात्र नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पोळ्या करताना स्वयंपाकघराची खिडकी लावून हॉलचं दार उघडं ठेवावं. चिमणी जेवढी हवा ओढेल तेवढी कूलरची गार हवा आत येईल. दाराच्या फटीशी अगरबत्ती धरून पाहा, धूर आत वळला म्हणजे पाईप काम करतोय. तो जागीच घुटमळला तर आधी काउलची झडप तेलाने चिकटली आहे का ते बघा, मेकॅनिकला नंतर फोन करा.