टेक्स्चर्ड निट शर्ट: एक थंडी आणि एक उन्हाळा वापरून झाल्यावर

'टेक्स्चर्ड निट', म्हणजे उठावदार पोताचं विणीचं कापड, ही एकच चिठ्ठी निरनिराळ्या पाच-सहा कापडांना लावलेली असते. फोटोत सगळीच छान दिसतात. कुठे बारीक खळगे, कुठे चौकटी, कुठे उभ्या रेघा. हातात घेतल्यावरही फरक पटकन लक्षात येत नाही. तो कळतो धुलाईनंतर, आणि तोवर शर्ट परत करायची मुदत उलटून गेलेली असते. मी पिके, वॉफल, रिब, जॅकार्ड, स्लब आणि नक्षी दाबून उठवलेला असे सगळे प्रकार एक अख्खी थंडी आणि एक उन्हाळा आलटूनपालटून घातले. कामावर, प्रवासात, घरी. काहींची रया गेली, काही अजून नव्यासारखे आहेत. यातून माझं मत पक्कं झालंय ते असं: शर्टाचा पोत कुठून आलाय ते आधी बघावं. टाक्यातून आलेला पोत टिकतो, धाग्यातून आलेला अर्धामुर्धा टिकतो, वरून दाबून आणलेला धुऊन जातो.

आधी थोडं कापडाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नेहमीच्या शर्टाचं कापड मागावर होतं, उभ्या आणि आडव्या धाग्यांची गुंफण करून. होजिअरीत तसं नसतं. तिथे धाग्याचा वळसा घेऊन त्यातून पुढचा वळसा काढतात, म्हणजे घरात स्वेटर विणताना सुयांवर जे चालतं तेच, फक्त यंत्रावर आणि फार बारीक. म्हणून ते ताणलं जातं, सुरकुत्या कमी धरतं, आणि म्हणूनच एक टाका तुटला की खालचे टाके सुटत जातात. साधा टी-शर्ट म्हणजे सिंगल जर्सी. पुढून बारीक 'व्ही'च्या उभ्या रांगा, मागून अर्धगोल. त्यात पोत असा काही नसतोच.

पोत आणायचा तर यंत्राला दोन युक्त्या येतात. एक म्हणजे टक: सुई जुना टाका सोडतच नाही, त्याच्या जोडीला नवा धागा घेते आणि पुढच्या फेरीला दोन्ही एकदम सोडते. तिथे कापडाला फुगवटा येतो. टकमुळे कापड रुंद आणि जाड होतं, लांबीत भरत नाही. दुसरी युक्ती म्हणजे मिस: सुई धागा घेतच नाही, तो मागच्या बाजूने मोकळा पुढे जातो. याने कापड अरुंद होतं आणि त्याचा ताण कमी होतो. खळगे, चौकटी, आडव्या पट्ट्या यांपैकी बरंचसं या दोन युक्त्यांच्या मिश्रणातून निघतं. उभ्या रेघांचा हिशोब वेगळा, तो रिबच्या वेळी सांगतो.

सगळ्यात जास्त घातलं गेलं ते पिके. पोलो शर्टाचं कापड म्हणून आपण ओळखतो तेच. टेनिसपटू रेने लाकोस्त १९२६च्या अमेरिकन स्पर्धेत याच कापडाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून उतरला आणि १९३३मध्ये आंद्रे जिलिए या होजिअरीवाल्याबरोबर त्याने ते शर्ट विकायला काढले. त्याआधी टेनिसवाले मागावरच्या कापडाचे, पूर्ण बाह्यांचे कडक शर्ट घालून खेळत. घाम गाळणाऱ्या माणसाने निवडलेलं कापड आहे हे, आणि उन्हाळ्यात ते जाणवतं. उठावामुळे कापड अंगाला सगळीकडे चिकटत नाही, मधून हवा फिरते. घामाचा डाग साध्या जर्सीवर जसा लख्ख दिसतो तसा यावर दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन पाहिलं तर टकचे टाके खेचल्यामुळे झालेले खळगे एकाआड एक बसलेले दिसतात. गंमत म्हणजे बहुतेक पिकेत यंत्राच्या हिशोबाने जी उलटी बाजू, तीच शर्टाची दर्शनी बाजू असते, कारण उठाव तिकडे जास्त.

सुती पिकेचा अंगचा भाग अजून ठणठणीत आहे. तक्रार आहे ती कॉलरची. पोलोची कॉलर अंगाच्या कापडातून बेतत नाहीत, ती रिबची पट्टी वेगळी विणून आणून जोडतात. माझ्या एका शर्टाची कॉलर काही धुलायांतच लाटा धरून बसली. इस्त्रीने सरळ होते, दुपारपर्यंत पुन्हा वळते. दुसऱ्याची कॉलर घट्ट विणलेली होती, तिला काही झालं नाही. दुकानात कॉलरचं टोक चिमटीत ताणून सोडायचं. लगेच मूळ जागी आली तर ठीक, लोंबत राहिली तर शर्ट कितीही आवडो, ठेवून द्यायचा. आणखी एक: गडद निळ्या पिकेच्या उजव्या खांद्यावर, जिथून बॅगेचा पट्टा जातो, तिथे रंग करडा दिसायला लागलाय. उठावाचे माथेच घासले जातात, खळग्यांतला रंग शाबूत राहतो, त्यामुळे तेवढा भाग धूळ बसल्यासारखा दिसतो. फिकट रंगात हे कळत नाही. पिके घेणार असाल आणि खांद्याला बॅग लावत असाल तर फिकटच घ्या.

वॉफलवर माझा जीव जडला आणि त्यानेच सगळ्यात जास्त पिडलं. खोल चौकोनी खण, त्यात हवा अडकून राहते, म्हणून थंडीत वजनाच्या मानाने फार उबदार. पण ही ऊब हवा स्थिर असेल तोवरच. वारा सुटला की तो आरपार जातो. वॉफल एकटं घालून बाहेर पडलात तर कुडकुडाल. वरून पातळ जाकीट घातलं की दोन स्वेटरचं काम होतं.

आता पिडायची बाजू. एक, ते आटतं. विणताना आणि नंतर फिनिशिंगमध्ये कापड ताणलेलं असतं, पाण्यात गेलं की टाके सैल होऊन आपल्या मूळ आकाराला येतात, आणि वॉफलसारख्या खोल विणीत आत जायला भरपूर जागा असते. लांबी कमी झाली, घेर किंचित वाढला, बाह्या मनगटाच्या वर आल्या. दोन, कोपर फुगतात. दिवसभर टेबलावर हात दुमडून बसलं की संध्याकाळी कोपराला पिशवी आलेली असते, धुतल्यावर बरीचशी बसते, पूर्ण नाही. तीन, काहीही अडकतं: घड्याळाचा पट्टा, बॅगेची चेन, खुर्चीचा खिळा, वेल्क्रो. वेल्क्रो तर वॉफलचा वैरीच.

धागा ओढला गेला की लोक कात्री घेतात. कापलेला वळसा म्हणजे सुटा टाका, आणि पुढच्या धुलाईत तिथे भोक ठरलेलं. मी बारीक क्रोशाची सुई आतल्या बाजूने घालून लोंबणारा वळसा आत ओढून घेतो, मग कापड दोन्ही हातांनी तिरपं, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, हळूहळू ताणतो. आजूबाजूचे आवळलेले टाके थोडा थोडा धागा परत घेतात. पाच मिनिटांचं काम, आणि वॉफलच्या चौकटीत तर खूण शोधूनही सापडत नाही.

रिब थोडक्यात. हे हाताने विणणाऱ्यांना लगेच कळेल: एक सुलट एक उलट, किंवा दोन सुलट दोन उलट. सुलट रांगा पुढे येतात, उलट रांगा मागे सरकतात, आणि कापड हार्मोनियमच्या भात्यासारखं आडवं उघडतं, मिटतं. कडा गुंडाळत नाहीत, आकार चांगला राखतं. मात्र अंगाला धरून बसतं, आणि पोटाबद्दल कसलीही गुप्तता पाळत नाही. माझ्या रिबमध्ये थोडं इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, आहे. ते असेल तर गरम ड्रायर आणि कडक इस्त्री दोन्ही टाळा, उष्णतेने त्याची ओढ मरते. कापड वरून धडधाकट दिसतं आणि खालचा घेर झोळ खातो.

जॅकार्डबद्दल मात्र सावकाश लिहिलं पाहिजे, कारण यातला माझा आवडता तोच. जॅकार्डमध्ये कोणती सुई कधी चालेल हे प्रत्येक ओळीला नक्षीप्रमाणे ठरतं, त्यामुळे हवी ती भौमितिक नक्षी विणीतच येते. कल्पना मूळची मागावरची, फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डची, १८०४च्या सुमाराची. तिथे भोकं पाडलेली कार्डं धागे निवडत, आताच्या गोल विणाई यंत्रांवर ते काम इलेक्ट्रॉनिक निवडीने होतं. घेताना शर्ट उलटा करून बघाच. एकेरी जॅकार्डमध्ये न वापरलेला धागा मागे मोकळा तरंगत जातो, आणि बाही घालताना नखं, अंगठी त्यात अडकते. माझा दुहेरी विणीचा आहे. आत बारीक ठिपक्यांची घट्ट बाजू आहे, मोकळे धागे नाहीत. कापड अंगावर उभं राहतं, लोंबत नाही. समोरून बटणं आणि बेतलेली कॉलर, त्यामुळे मीटिंगला बिनदिक्कत चालतो आणि तरी दिवसभर बसून आवळल्यासारखं होत नाही. इतक्या महिन्यांत नक्षीचा एक कोपराही बसलेला नाही.

उणीव म्हणाल तर उन्हाळ्यात गरम होतो आणि वाळायला दुसरा दिवस उजाडतो. आणि बटणपट्टी. विणीच्या कापडावर काजं करायची तर आत फ्यूजिंग, म्हणजे उष्णतेने चिकटवलेलं अस्तर, लागतं, नाहीतर दोन बटणांच्या मध्ये पट्टी तोंड उघडते. माझ्या शर्टात ते आहे, पण खालच्या दोन बटणांशी फ्यूजिंग सुटून बारीक फुगा आलाय. गरम पाण्यात धुतल्याचा प्रताप असावा असा माझा संशय आहे. ते बंद केल्यापासून वाढला नाही.

स्लबमध्ये वीण साधी जर्सीचीच, फक्त धागा मुद्दाम कुठे जाड कुठे बारीक कातलेला. दिसायला देखणा, अंगावर हलका, उन्हाळ्यात पिकेच्याही वर. पण जिथे धागा बारीक तिथे कापड विरळ. बेल्टचं बकल घासतं तिथे पोटाशी टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडायला लागली आहेत. शिवाय बगलेतून खाली येणारी शिवण आता पोटाकडे सरकली आहे. हा दोष शिंप्याचा नाही. कातताना धाग्याला पीळ पडतो, तो पीळ उलगडू बघतो आणि सिंगल जर्सीत टाके एका बाजूला कलतात. पिळाचा जोर जास्त असेल तर धुलाईगणिक शिवण वळत जाते. रिब किंवा दुहेरी विणीत पुढच्या-मागच्या टाक्यांची ओढ एकमेकांना सावरते, म्हणून तिथे हा त्रास जवळजवळ नसतो.

दाबून उठवलेल्याबद्दल काय लिहायचं? सुती मिश्रणाचा होता, गरम रोलरखाली नक्षी उमटवलेली. आता तो साधा टी-शर्ट आहे. पॉलिस्टर उष्णतेने आकार धरतं, त्यामुळे पूर्ण पॉलिस्टरवर अशी नक्षी बरी टिकते. कापसाला ती सवय नाही. ओळखायची खूण सोपी: कापड जोरात ताणा. विणीचा पोत असेल तर खण टाक्यांबरोबर लांबट होतात आणि तिथेच राहतात. दाबलेला असेल तर नक्षी पुसट होते आणि खालून जर्सीचे साधे 'व्ही' डोकावतात.

गोळे येण्याचा प्रश्न सगळ्यांना आहे, पण सारखा नाही. आखूड तंतू घासून बाहेर येतात आणि एकमेकांत गुंततात, तो गोळा. कापसाचा गोळा काही दिवसांत गळून पडतो. मिश्रणात पॉलिस्टरचा चिवट तंतू त्याला धरून ठेवतो, म्हणून कापूस-पॉलिस्टरच्या पिकेवर बगलेत आणि टेबलाला टेकणाऱ्या हातावर गोळ्यांची दाटी झाली. सुती जोडीदार त्यामानाने स्वच्छ. लेबलवर 'कोम्ब्ड' असेल तर आखूड तंतू आधीच विंचरून काढलेले असतात, तेवढा फरक पडतो. जीएसएमच्या आकड्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. त्यातून एका चौरस मीटरचं वजन कळतं, वीण किती घट्ट ते कळत नाही. माझ्यातला सगळ्यात जड शर्ट वॉफलच आहे, आणि सर्वांत आधी बेढब झाला तोही तोच.

धुण्याची माझी पद्धत आता ठरून गेली आहे. शर्ट उलटा करून, जाळीच्या पिशवीत, थंड पाणी. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. वाळत घालताना आडवा पसरायचा, कारण ओल्या कापडाचं वजन टाक्यांना खाली खेचतं. जागा नसेल तर दांडीवर मधोमध दुमडून टाकायचा, खांद्यांना चिमटे लावायचे नाहीत. कपाटातही घडी घालूनच, हँगरला लटकवलं की खांद्यावर शिंगं येतात. इस्त्री करायचीच तर उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, वाफेवर, दाब न देता. वॉफलला इस्त्रीची गरजच नाही.

पुन्हा काय घेईन? दुहेरी विणीचं जॅकार्ड नक्की, यावेळी गडद हिरवं. सुती पिके फिकट रंगात, कॉलर ताणून बघून. स्लब एखादा, बेल्ट न लावता घालायला. आणि वॉफल एक साइज मोठा, जो आणल्याबरोबर दोनदा धुऊन, वाळवून, मगच बाह्यांची लांबी शिंप्याकडून ठीक करून घेणार.