वेंगुर्ल्याची कांदळवन सफर: आधी तिथी बघा, मग गाडी काढा

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाची कांदळवन (खारफुटीचं जंगल) सफर २०१७ पासून चालू आहे. मच्छीमार घरांतल्या बायका स्वतः होडी वल्हवतात आणि झाडंही त्याच ओळखून दाखवतात. मोटरबोटीच्या फेऱ्यांपेक्षा ही सफर सरस आहे ती वल्ह्यामुळे. इंजिनाची घरघर नसल्याने खंड्या जागचा हलत नाही, आणि लाटा आपटत नसल्याने काठाचा चिखल ढासळत नाही.

पण वेळ चुकली तर निम्मी सफर वाया. पूर्ण सुकतीला (ओहोटीला) होडी अरुंद फाट्यांत शिरत नाही, गाळाला टेकते. पूर्ण भरतीला आत जाता येतं, पण मुळं, कुर्ल्या, निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) पाण्याखाली असतात. पाणी चढायला लागून दोन-तीन तास झाले की दोन्ही साधतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, तर होडीत बसावं साधारण तीनच्या सुमारास. हा अंदाज आहे, पाऊण तास इकडेतिकडे होतो. नक्की वेळ आदल्या दिवशी गटाला फोन करून ठरवावी. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मित्राला गेल्या आठवड्यात जमलेली वेळ तुमच्या कामाची नाही. अष्टमीच्या आसपास भांग (पाण्याचा चढउतार कमी) असतो, थोडी चूक खपते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खपत नाही.

तिवराच्या पानावरचं मीठ बोटाने पुसून चाखता येतं. कांदळाच्या लांब शेंगा झाडावरच रुजतात, मग चिखलात पडतात. पांढरी चिप्पी नीट पाहून घ्या, २०२० साली तिला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. हुऱ्याचं पान मात्र तोडू नका. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते. लहान मुलांना होडीच्या मध्यभागी बसवा.

उणीव म्हणाल तर माथ्यावर ऊन. रुंद टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. बाटली परत आणायची. तीस-चाळीस जणांची बस घेऊन अचानक धडकू नये. हातावर वल्हवायच्या होड्या एवढी माणसं एका भरतीत फिरवू शकत नाहीत.

दराची घासाघीसही करू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्याच पावसात उघडी होडी खाडीत काढणं धोक्याचं. मासळीचा पैसा थांबतो तेव्हाच पर्यटनाचाही थांबतो, आणि ते महिने उरलेल्या हंगामाच्या कमाईवर काढावे लागतात.