जुनी छायाचित्रे कोठे ठेवावीत: स्वतःच्या संकेतस्थळावर वॉटरमार्क लावून की विकिमीडिया कॉमन्सवर?

घरातल्या जुन्या अल्बमचे स्कॅनिंग पुरे झाले, की ती चित्रे लोकांपुढे कोणत्या मार्गाने मांडायची, हा प्रश्न उभा राहतो. सांगलीत आणि कृष्णाकाठच्या काही गावांत छायाचित्रे गोळा करताना मी दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत. पहिली काही वर्षे ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली. प्रत्येक चित्रावर वॉटरमार्क, म्हणजे चित्रावरच उमटवलेले आमचे नाव, आणि खाली ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ असे. नंतर विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाशी जोडलेल्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवू लागलो, जेथून ती कोणालाही मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. माझा कल आता कोणीकडे आहे हे पुढे दिसेलच; तरीही पहिला मार्ग सर्वस्वी चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही.

निवड करण्याआधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्यावी. छायाचित्राची प्रत आपल्या कपाटात असणे आणि त्याचा प्रताधिकार (कॉपीराइट) आपल्याकडे असणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा असून तो जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्याआधी काढलेल्या छायाचित्रांना जुन्या कायद्याची मुदत लागते आणि ती मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षांची होती. म्हणजे अशा सर्व छायाचित्रांवरील हक्क भारतात केव्हाच संपलेला आहे. त्यानंतरच्या छायाचित्रांचा हिशेब अवघड आहे, कारण २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांसाठीचे वेगळे कलम वगळले गेले आणि मुदत छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे अशी झाली. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राच्या प्रताधिकाराचा पहिला मालक मात्र, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारी व्यक्तीच असते. १९६० नंतरच्या लग्नाच्या किंवा कौटुंबिक छायाचित्रांबाबत ही तरतूद अनेकांना ठाऊक नसते आणि ते विनाकारण बंद पडलेल्या स्टुडिओच्या वारसांचा शोध घेत बसतात.

स्कॅन करण्यात आपले श्रम जातात, धूळ साफ करण्यात रात्री जातात, म्हणून त्या स्कॅनवर आपला नवा हक्क निर्माण होतो, अशीही एक समजूत आहे. मीही बरीच वर्षे तसेच मानत होतो. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात २००७ साली केवळ श्रम आणि खर्च पुरेसे नाहीत, थोडी तरी सर्जनशीलता हवी, असे सांगितले. तो खटला न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींचा होता. परंतु तीच कसोटी लावली तर जुन्या छायाचित्राच्या हुबेहूब स्कॅनवर वेगळा प्रताधिकार सांगणे कठीण दिसते.

आता माझ्यापुरता निर्णय ज्या एका गोष्टीने झाला, ती सांगतो.

सांगलीच्या गावभागातल्या एका घरात मला एक समूहचित्र मिळाले होते. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ साली वाहतुकीस खुला झाला. त्यानंतर काही वर्षांनी पुलाच्या सांगलीकडील टोकाला उभे राहून आठ जणांनी ते काढून घेतले होते. मागे दगडी कमान, उजव्या कडेला एका दुकानाची अर्धी पाटी, आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेले १९३४ हे साल. मी ते स्कॅन करून मूळ प्रत त्या घरी परत केली. कोणी कडा कापून आमचे नाव काढून टाकू नये, म्हणून संकेतस्थळाचे नाव मधोमध, तिरपे, चेहऱ्यांवरून जाईल असे टाकले आणि चित्र जेमतेम ९०० पिक्सेल रुंदीचे करून ठेवले. मोठी फाइल घरच्या हार्ड डिस्कवर होती आणि तिची दुसरी प्रत मी केली नव्हती.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्या घरातही पाणी शिरले आणि माझ्याही. त्यांचा अल्बम आणि माझी डिस्क, दोन्ही गेले. काही महिन्यांनी त्या घरातील एक ताई माझ्याकडे आल्या. त्या आठ जणांत त्यांचे आजोबा होते आणि आजोबांचे दुसरे छायाचित्र घरात उरले नव्हते. त्यांना देण्यासाठी माझ्याजवळ होती ती फक्त संकेतस्थळावरची प्रत, ज्यात आजोबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत आमच्या नावाची तीन अक्षरे पसरली होती. जुनी छायाचित्रे दुरुस्त करणाऱ्या दोघा-तिघांकडे मी ती घेऊन गेलो. वॉटरमार्क पुसला जातो, पण त्याखालचा चेहरा परत येत नाही. तेथे येतो तो कोणीतरी अंदाजाने रंगवलेला चेहरा. ताईंनी तो घेतला नाही. १९३४ च्या त्या चित्रावरील हक्क १९८४ मध्येच संपलेला होता, म्हणजे ज्याचे रक्षण करण्यासाठी मी ती अक्षरे टाकली, ते रक्षणायोग्य असे काही माझ्याकडे नव्हतेच. ही बोच अजून गेलेली नाही, आणि पुढील तुलना वाचताना ती लक्षात घ्यावी.

कॉमन्सचा मार्ग सोपा आहे असे मात्र नाही. तेथे चित्र चढवताना ते कोणी काढले, केव्हा काढले, कोठून मिळाले आणि कोणत्या आधारावर ते मुक्त, म्हणजे कोणालाही परवानगीविना वापरता येण्याजोगे, आहे, हे लिहावे लागते. सुरुवातीला मी स्कॅन माझे म्हणून ‘स्वतःचे काम’ हा पर्याय निवडत गेलो. चूक माझी होती. त्या फाइली वगळण्याच्या चर्चेत गेल्या आणि तारखेचे पुरावे जोडून त्या वाचवताना माझा बराच वेळ गेला. छायाचित्र अमेरिकेतही मुक्त असावे लागते, त्यामुळे १९४६ ते १९५७ या काळातील चित्रांबाबत तेथे अडचण येऊ शकते, जरी ती भारतात मुक्त असली तरी. शिवाय ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट तेथे चालत नाही. आपल्या पणजीचे छायाचित्र उद्या एखाद्या दिनदर्शिकेवर छापलेले पाहणे ज्यांना सहन होणार नाही, त्यांनी ते तेथे ठेवू नये, हे मी प्रामाणिकपणे सांगेन.

उलट बाजूला जे मिळते, ते मला स्वतःच्या संकेतस्थळावर कधीच मिळाले नव्हते. एक चित्र मी हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम म्हणून चढवले होते. थोड्याच दिवसांत कोणीतरी लक्षात आणून दिले, की त्यात दोन नद्या समोरासमोर येऊन मिळताना दिसतात, तेव्हा हा कऱ्हाडचा कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे. वर्णन दुरुस्त झाले आणि दुरुस्तीचा इतिहासही पानावर राहिला. माझ्या संकेतस्थळावर तेच चित्र चार वर्षे चुकीच्या नावाने उभे होते.

‘फेअर यूज’चा, म्हणजे हक्क दुसऱ्याचा असताना परवानगीशिवाय रास्त वापर करण्याचा, प्रश्न येथेच येतो, आणि या एका बाबतीत स्वतःच्या संकेतस्थळाचे पारडे जड आहे. आपल्याकडे अमेरिकेसारखा चार कसोट्यांवर तोलला जाणारा मोकळा ‘फेअर यूज’ नाही. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये ‘फेअर डीलिंग’ आहे आणि ते संशोधनासह खाजगी किंवा वैयक्तिक वापर, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन एवढ्यापुरते आहे. हक्क शिल्लक असलेल्या, समजा १९७५ च्या, छायाचित्राची आपण लेखात खरोखर चर्चा करत असाल, तर छायाचित्रकाराचे नाव देऊन ते लेखापुरते लहान आकारात वापरण्याचा बचाव आपल्याला घेता येईल. कॉमन्सवर असा कोणताही बचाव स्वीकारला जात नाही. चित्र मुक्त असेल तरच राहते. मात्र नुसते ‘छायाचित्र साभार’ किंवा ‘शैक्षणिक हेतूसाठी’ असे लिहिल्याने परवानगी मिळत नाही, आणि जाहिराती घेऊन काढलेली शाळेची शताब्दी स्मरणिका कलम ५२ मध्ये बसवणे मला तरी अवघड वाटते. तेथे लेखी परवानगी मागावी. मागितल्यावर बहुतेक घरे आनंदाने देतात, असा माझा अनुभव आहे.

म्हणून १९४६ पूर्वीची, काळ सिद्ध करता येईल अशी चित्रे मी आता पूर्ण आकारात आणि स्वच्छ स्वरूपात कॉमन्सवर ठेवतो. ज्या घरातून चित्र मिळाले, त्या घराची तशी इच्छा असेल तर त्याचा उल्लेख वर्णनात करतो. ऋणनिर्देशाची माझी इच्छा तेवढ्याने भागते. नंतरची चित्रे, आणि घरच्या माणसांनी संकोच दाखवलेली चित्रे, माझ्या संकेतस्थळावर राहतात, पण चेहऱ्यांवर काहीही न टाकता. नाव चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत येते. आपला संग्रह मुख्यतः १९६० नंतरचा असेल, तर संकेतस्थळच आपल्याला अधिक सोयीचे पडेल, हे मी नाकारत नाही. तो १९४६ पूर्वीचा असेल, तर कॉमन्सवर थोडा त्रास काढावा, असे सुचवेन.

पुलावरच्या त्या चित्राचा शोध मी सोडलेला नाही. समूहचित्राच्या प्रती त्या काळी बहुधा प्रत्येकाला मिळत असत. उरलेल्या सात जणांपैकी चौघांची नावे ताईंच्या घरच्यांना आठवली आहेत. त्यांतील दोन घरे मिरजेला गेली आहेत आणि एक अजून पेठभागात आहे. पेठभागातल्या घरी पोटमाळ्यावर एक ट्रंक आहे, ती दिवाळीच्या साफसफाईत खाली काढू, असे त्यांनी सांगितले आहे.