फील्ड एमिशन पडद्यावरचे डाग: रोधक थर, ट्रान्झिस्टर, पल्स की दुरुस्तीचा तक्ता?

फील्ड एमिशन पॅनेल पहिल्यांदा पेटवलं की चित्राआधी डाग दिसतात. मागच्या काचेवर इलेक्ट्रॉन सोडणारी असंख्य सूक्ष्म टोकं, समोरच्या काचेवर इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारा फॉस्फरचा लेप, मध्ये निर्वात. सगळीकडे एकच व्होल्टेज दिलं तरी एक पिक्सेल लख्ख असतो आणि शेजारचा मंद. यावर प्रामुख्याने चार उपाय आहेत: टोकांखाली रोधक थर, पिक्सेलमागे ट्रान्झिस्टर, व्होल्टेजऐवजी वेळेने, म्हणजे विजेच्या ठोक्याच्या (पल्सच्या) रुंदीने, चमक ठरवणारा ड्राइव्ह, आणि प्रत्येक पिक्सेल मोजून केलेली दुरुस्ती. प्रयोगशाळेतलं छोटं पॅनेल असो की सपाट एक्स-रे स्रोत, चारही एकदम परवडत नाहीत. सुरुवात कुठून करायची, हे ठरवावंच लागतं.

मूळ दुखणं फाउलर आणि नॉर्डहाइम यांच्या १९२८ सालच्या सूत्रात आहे. टोकाशी असलेलं विद्युत क्षेत्र थोडं बदललं तरी प्रवाह घातांकाने बदलतो. मॉलिब्डेनमचं टोक घ्या, वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन धातूबाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, टोकाशी क्षेत्र ५ व्होल्ट प्रति नॅनोमीटर. सूत्राच्या साध्या रूपात आकडे घातले की क्षेत्रातला १ टक्का फरक प्रवाहात सुमारे १५ टक्के होऊन उतरतो, आणि १० टक्के फरकाला प्रवाह जवळपास चौपट होतो. टोकाची त्रिज्या नॅनोमीटरभर इकडेतिकडे झाली तरी हे घडायला पुरे. एका पिक्सेलमध्ये हजार टोकं बसवली तर सरासरीत फरक बुजेल असं वाटतं, पण मोजकी तीक्ष्ण टोकंच बहुतेक प्रवाह वाहून नेतात आणि बाकीची नुसती उभी असतात. नुसती टोकं आणखी एकसारखी करत बसण्यात हशील नाही.

म्हणून माझा कौल आधी रोधक थराला. टोक आणि गेट (टोकाभोवतीचा, इलेक्ट्रॉन खेचणारा इलेक्ट्रोड) यांच्यात ६० व्होल्ट लागतात असं धरू. टोकाखालच्या रोधावर आणखी ४ व्होल्ट खर्च होऊ दिले तर तो १५ टक्क्यांचा फरक साडेसातवर येतो, २० व्होल्ट खर्चले तर अडीचवर. जास्त प्रवाह ओढणाऱ्या टोकाच्या वाट्याचं व्होल्टेज आपोआप घटतं. शिवाय एखादं टोक गेटला चिकटून शॉर्ट झालं तर सगळं व्होल्टेज त्याच्या रोधावर पडतं आणि उरलेला पिक्सेल चालू राहतो. किंमतही स्पष्ट आहे. ड्रायव्हरला ६० ऐवजी ८० व्होल्ट उचलावे लागतात, आणि गेट आणि कॅथोड (टोकांना वीज पुरवणारा थर) यांच्यातला कपॅसिटन्स भरायची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने, म्हणजे सुमारे पावणेदोनपट होते. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या लेती प्रयोगशाळेत रोबेर मेयेर यांच्या गटाने हे तंत्र पुढे आणलं आणि पिक्सटेक कंपनीने त्यावर पडदे बनवले. त्यांच्या सुधारित रचनेत कॅथोडची पट्टी जाळीसारखी असते, टोकं जाळीच्या घराच्या मध्यभागी बसतात आणि प्रवाह थरातून आडवा वाहत येतो. थराच्या जाडीतून उभा प्रवाह नेण्यापेक्षा ही रचना व्होल्टेज जास्त सोसते. मात्र टोकं जाळीच्या काठापर्यंत पसरू देऊ नका, कारण काठाजवळच्या टोकाला रोध कमी मिळतो आणि घरातल्या घरात नवी असमानता तयार होते.

ट्रान्झिस्टर याच वाटेवर पुढे जातो. रोध फरक कमी करतो, तर संपृक्त अवस्थेतला (व्होल्टेज बदललं तरी प्रवाह जवळपास कायम ठेवणारा) मॉसफेट ट्रान्झिस्टर प्रवाह किती वाहू द्यायचा ते स्वतःच ठरवतो. टोकावर वायूचे रेणू बसतात-उठतात त्याने येणारी लुकलुकही दबते, आणि रोधाच्या तुलनेत हा मोठाच फायदा. जपानमध्ये त्सुकुबाच्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीने सिलिकॉन टोकांवर, तर कोरियाच्या एट्री संस्थेने काचेवरच्या पातळ थराच्या ट्रान्झिस्टरवर नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) बसवून हे करून दाखवलं. पण बंद अवस्थेत ट्रान्झिस्टर गळका निघाला तर काळा भाग काळा राहत नाही, आणि काचेवरचे ट्रान्झिस्टर स्वतःच एकसारखे नसतील तर एक डाग पुसून दुसरा आणल्यासारखं होतं. सिलिकॉन वेफरची सोय हाताशी असेल आणि पॅनेल बोटभर असेल तर ट्रान्झिस्टर घ्या. काचेवर काम असेल तर रोधक थरच बरा.

ड्राइव्हच्या बाबतीत मला शंका नाही. करड्या छटा व्होल्टेज कमी-जास्त करून काढल्या, तर अंधाऱ्या छटांना क्षेत्र उतरतं आणि तिथे प्रवाह फरकांना आणखी हळवा होतो. पांढरा पडदा ठीक दिसतो आणि रात्रीचं दृश्य डागाळतं. पल्सची उंची कायम ठेवून रुंदी बदलली तर टोकं नेहमी एकाच स्थितीत काम करतात. अडचण वेळेची. ४८० ओळी आणि सेकंदाला ६० चित्रं म्हटलं की एका ओळीला सुमारे ३५ मायक्रोसेकंद मिळतात, आणि २५६ छटांमध्ये वाटले तर एका पायरीला ०.१४ मायक्रोसेकंदही येत नाही. ओळ लांब आणि तिचा रोध जास्त असेल तर ओळीच्या दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत पल्सची धार बोथट होते आणि पडद्याची एक बाजू फिकी पडते. ते दोन्ही बाजूंनी ओळ चालवून किंवा जाड धातू वापरून सुधारा, परत व्होल्टेजकडे वळू नका.

दुरुस्तीचा तक्ता सगळ्यात मोहात पाडतो, कारण तो सॉफ्टवेअरमध्ये होतो. प्रत्येक पिक्सेलची चमक मोजायची, गुणक साठवायचा, विषय संपला! पण तक्ता फक्त खाली ओढू शकतो. सर्वांत मंद पिक्सेल ७० टक्क्यांवर असेल तर सगळा पडदा ७० टक्क्यांवर आणावा लागतो. टोकं जुनी होतात, फॉस्फरमधून निघालेला वायू त्यांना विषासारखा लागतो, आणि महिन्यापूर्वीचा तक्ता आज चुकीचा ठरतो. लुकलुकीवर तर त्याचा इलाजच नाही. रोधक थर आणि पल्स झाल्यावर उरलेल्या सौम्य फरकासाठी तो जरूर वापरा.

टोकांची जात निवडायचीच असेल तर थोडक्यात. स्पिंड पद्धतीची (शंकूसारखी) धातूची टोकं महाग, पण त्यांची जागा नेमकी. नॅनोट्यूबची पेस्ट छापता येते, म्हणून स्वस्त, आणि सॅमसंगने १९९९ मध्ये साडेचार इंचाचं सीलबंद पॅनेल तिच्यावर दाखवलं. मात्र नळ्यांची लांबी कमी-जास्त असल्याने दाणेदारपणा जास्त, म्हणून तिच्याखालीही रोध हवाच. कॅनन आणि तोशिबाचा एसईडी (पृष्ठभागावरच्या वाहकातून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या पडद्याचा) मार्ग वेगळा: पातळ थरातली नॅनोमीटरची फट आणि कमी व्होल्टेज. कॅननने १९८६ मध्ये सुरू केलेलं ते काम २०१० मध्ये गुंडाळलं. छोट्या गटाने त्या वाटेला जाऊ नये. नवा पदार्थ वापरणार असाल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फील्ड एमिशनच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे, तिथल्या शोधनिबंधांत प्रवाहाच्या स्थैर्याचे काही तासांचे आलेख कसे मांडलेत ते पाहून घ्या.

स्पेसरच्या (दोन काचांमधलं अंतर राखणाऱ्या आधाराच्या) कडेने दिसणारी रेघ यांतल्या कशानेच जात नाही. स्पेसरवर साचलेला विद्युतभार इलेक्ट्रॉनांना वाकवतो, त्याला किंचित वाहक लेपच लागतो.

पॅनेल तपासताना पूर्ण पांढरं चित्र लावून समाधान मानू नका. १० टक्के करडी छटा सपाट लावा, खोली अंधारी करा आणि तासाभराने परत बघा. ठिपके जागच्या जागी असतील तर तक्ता चालेल, जागा बदलत असतील तर रोध वाढवा, आणि एका बाजूकडे सरकत फिकं होत असेल तर ओळीचा धातू बदला.