जीपीएस का लागत नाही हे विचारता येणारे घड्याळ : बँगल डॉट जेएस २

मनगटी घड्याळाचे जीपीएस लागेनासे झाले की बहुतेक घड्याळे पडद्यावर एक चक्र फिरवत ठेवतात आणि आपण आभाळाकडे हात करून उभे राहतो. आत नेमके काय अडले आहे, हे विचारायची सोयच नसते. बँगल डॉट जेएस २ मी घेतले ते याच एका कारणासाठी. वर्षभर पुण्यात आणि सह्याद्रीतल्या वाटांवर ते वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे आणि त्यात मुख्यतः जीपीएसविषयीच लिहिणार आहे, कारण झोप, पावले, सूचना वगैरे कामे याहून स्वस्त घड्याळे अधिक नीटनेटकी करतात.

आधी थोडी ओळख करून देतो. ब्रिटनमधील गॉर्डन विल्यम्स यांनी लहान यंत्रांवर जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालवणारी एस्प्रुइनो ही प्रणाली तयार केली आणि २०१९ मध्ये तिच्यावर चालणारे पहिले बँगल घड्याळ आले. दुसऱ्या आवृत्तीसाठी २०२१ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर निधी उभा राहिला. आत नॉर्डिकची एनआरएफ ५२८४० ही चिप, २५६ किलोबाइट रॅम आणि २०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे. पडदा १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचा, आठच रंगांचा, पण सतत चालू राहणारा आणि भर उन्हात उलट अधिकच स्पष्ट दिसणारा आहे; दुपारी बाराला कड्यावर उभे असताना या पडद्याची किंमत कळते.

पहिल्या आवृत्तीत यू-ब्लॉक्स या कंपनीचा जीपीएस होता आणि त्याची माहितीपत्रके कोणालाही सहज मिळत. दुसरीत एटी ६५५८ ही हांगझोऊच्या झोंगके मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची चिप आली, जिची कागदपत्रे प्रामुख्याने चिनी भाषेत आहेत. त्यामुळे हिच्याशी बोलायचे कसे, हे वापरणाऱ्यांना बऱ्याच अंशी चाचपडतच शोधावे लागते. ज्याला हे कटकटीचे वाटेल त्याने या घड्याळाच्या वाटेला जाऊ नये. मला मात्र खरी गंमत तिथेच सापडली.

पहिल्या आठवड्यात कोथरूडच्या घराच्या गॅलरीत वीस-वीस मिनिटे उभे राहूनही स्थान मिळेना. नग सदोष आहे, अशी माझी खात्रीच झाली होती. पण या घड्याळात चिपकडून येणाऱ्या मूळ ओळी जशाच्या तशा पाहता येतात. क्रोम ब्राउझरमधून ब्लूटूथने घड्याळ जोडायचे आणि ‘जीपीएस-रॉ’ या नावाने येणाऱ्या कच्च्या ओळींना कान लावून बसायचे, एवढेच काम असते. दर सेकंदाला ओळींचा एक झुबका आला. आरएमसी या ओळीत ‘व्ही’ हे अक्षर होते, म्हणजे स्थान अजून ग्राह्य नाही. पण खरी माहिती जीएसव्ही या ओळींत होती. तिथे प्रत्येक उपग्रहाचा क्रमांक, तो क्षितिजापासून किती अंशांवर आहे, कोणत्या दिशेला आहे आणि त्याचा संकेत किती ठळक आहे, हे चार आकडे ओळीने येतात. गॅलरीत मला नऊ उपग्रह दिसत होते, पण बहुतेकांचा संकेत १८ ते २२ डेसिबलच्या घरात होता आणि पूर्वेकडचे सगळे रकाने रिकामे होते, कारण पूर्वेला समोरची सात मजली इमारत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वेताळ टेकडीवर तेच आकडे ३५ ते ४० झाले आणि दोन मिनिटांच्या आत ‘व्ही’चा ‘ए’, म्हणजे ग्राह्य, झाला. नग ठणठणीत होता. जागा चुकली होती.

हा फरक एवढा मोठा का पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. जीपीएसचा उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट या गतीने पाठवतो. ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि त्यातले कक्षेचे नेमके तपशील १८ सेकंद व्यापतात. त्या अठरा सेकंदांत संकेत मध्येच तुटला, तर हुकलेला तुकडा पुढच्या फेरीत पुन्हा वाचावा लागतो. एकदा वाचून झालेला उपग्रह मंद संकेतावरही धरून ठेवता येतो, पण पहिले वाचन ठळक संकेताशिवाय होत नाही. म्हणूनच घड्याळ चालू करून झाडीतून चालू लागणारा माणूस अर्धा तास ताटकळतो आणि मोकळ्यावर तीन मिनिटे गप्प उभा राहणारा पुढे निघून जातो. इतक्या लहान डब्यातल्या अँटेनाकडून याहून जास्त अपेक्षा करणे योग्य नाही.

यावर उपाय आहे तो कक्षेची माहिती आधीच घड्याळात भरण्याचा. बँगलच्या अ‍ॅप्सच्या पानावर त्यासाठी वेगळे साधन आहे आणि ते ब्लूटूथवरून हा मजकूर चिपमध्ये ओतते. मात्र कक्षेचे तपशील साधारण चार तासच उपयोगी असतात, त्यामुळे आदल्या रात्री भरून ठेवलेली माहिती पहाटे शिळी झालेली असते. मी ती आता गडाच्या पायथ्याशी चहा येईपर्यंत फोनवरून भरतो. टेकडीवर आलटून-पालटून केलेल्या प्रयोगांत या माहितीसह बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत स्थान मिळाले.

चिपला आज्ञाही देता येतात. त्या ‘पीसीएएस’ या अक्षरांनी सुरू होतात आणि सिरियल पोर्टवरून, म्हणजे चिपला जोडलेल्या तारेवरून, साध्या मजकुराच्या ओळीसारख्या पाठवल्या जातात. उपग्रहांच्या निवडीची आज्ञा ०४ क्रमांकाची आहे : १ म्हणजे जीपीएस, २ म्हणजे चीनची बैदू, ४ म्हणजे रशियाची ग्लोनास, आणि हवी त्यांची बेरीज लिहायची. नाविक ही भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली या यादीत नाही. ओळ वाटेत बिघडली नाही ना, हे चिपला कळावे म्हणून शेवटी तपासणीचा अंक जोडावा लागतो. तो काढण्यासाठी ओळीच्या सुरुवातीचे डॉलरचे चिन्ह आणि शेवटची तारका यांच्या मधल्या अक्षरांच्या संगणकीय अंकांचा एकामागून एक एक्स-ऑर (दोन अंकांचे बिट जिथे वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) घेत जायचे. तिन्ही प्रणाली चालू करणाऱ्या ‘पीसीएएस०४,७’ या आज्ञेचा अंक सोळाच्या पटीतल्या (हेक्साडेसिमल) लेखनात ‘१ई’ आला. नंतर चिपची स्मृती पुसून कोरी सुरुवात करणारी ‘पीसीएएस१०,२’ ही आज्ञा तयार केली, तर तिचाही ‘१ई’च! मी नक्की आधीची ओळ चिकटवली असणार, असे समजून तासभर हा अंक काढणाऱ्या माझ्या फंक्शनमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी कागदावर हाताने गणित मांडले, तेव्हा दोन्ही उत्तरे बरोबर असल्याचे दिसले; निव्वळ योगायोग होता.

बॅटरीची कथाही अशीच माझ्याच अंगावर आली. जीपीएस सतत चालू ठेवून सहा तास चालले की साठ टक्क्यांच्या आसपास बॅटरी जाते, ते मला मान्य आहे. पण एकदा जीपीएस बंद करूनही संध्याकाळपर्यंत घड्याळ मान टाकू लागले. या घड्याळात जीपीएस चालू करताना मागणाऱ्याचे नाव द्यावे लागते आणि नाव देणारे सगळे ‘आता नको’ म्हणेपर्यंत चिपची वीज तोडली जात नाही. ही नावे ब्राउझरमधल्या कन्सोलवर, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, पाहता येतात. पाहिली, तर तिथे ‘वाट’ हे नाव एकटेच बसून होते. घड्याळाचा मुखपट, म्हणजे वेळ दाखवणारा पडदा, मीच लिहिला होता आणि त्यात चालू करताना ‘वाट’ व्ही-ने लिहिले होते, बंद करताना डब्ल्यू-ने. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची आमची सवय थेट बॅटरीवर उठली होती.

घेण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आयफोनच्या सफारीतून हे घड्याळ थेट जोडता येत नाही, त्यासाठी वेगळा ब्राउझर घ्यावा लागतो. अँड्रॉइडवर ही अडचण नाही. आणि परदेशातून मागवल्यास सीमाशुल्काचा खर्च किमतीत आधीच धरावा. ज्यांना फक्त चाललेली वाट नोंदवून हवी आहे, त्यांनी तयार क्रीडा-घड्याळ घ्यावे. ते लवकर स्थान पकडते आणि वाचनही स्थिर देते. माझे जुने घड्याळ तसेच होते. गॅलरीत त्यालाही जीपीएस लागत नसे, फक्त ते समोरच्या इमारतीमुळे, हे त्याने मला तीन वर्षांत एकदाही सांगितले नव्हते.