कोळसा खाण विस्ताराचा अहवाल समजावून देणारी सल्लासेवा : राजारामपुरीतील अनुभव

माझ्या सासुरवाडीची शेती चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यात आहे. गावाजवळच्या उघड्या कोळसा खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी जाहीर झाली, तेव्हा सासऱ्यांनी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा जाडजूड अहवाल मला पाठवला आणि फोनवर एकच प्रश्न विचारला : "जावईबापू, आपल्या विहिरीचं यात काय लिहून आहे?" 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीपूर्वी लोकांना किमान 30 दिवसांची मुदत मिळते; तेवढ्यात तो अहवाल स्वतःच वाचून समजून घेणे मला अशक्य होते. म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतील एका भूशास्त्र आणि भूजल सल्लागार कार्यालयाकडे 12,000 रुपये भरून दोन बैठका आणि एक लेखी टिपण असे काम सोपवले.

पहिल्या बैठकीत सल्लागारांनी अहवाल उघडण्याआधी टेबलावर दोन दगड ठेवले : आपल्याकडचा काळा बेसाल्ट आणि विदर्भातला कामठी वालुकाश्म. दोन्हींवर पाण्याचा थेंब टाकला. बेसाल्टवरचा थेंब तसाच राहिला, वालुकाश्मावरचा मात्र पाहता पाहता जिरला. कोल्हापूरचा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा असून त्यात पाणी प्रामुख्याने भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते, त्यामुळे चैत्रात एकाची विहीर भरलेली आणि बांधापलीकडची कोरडी, हे आपण नेहमी पाहतो. वर्धा खोऱ्यातील वालुकाश्मात मात्र पाणी कणाकणांच्या पोकळ्यांतही असते, आणि म्हणून खाण कोरडी ठेवण्यासाठी एका ठिकाणी सतत उपसा केला की आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यात पातळी खाली जाऊ शकते. तोपर्यंत मी सासऱ्यांच्या विहिरीचा विचार करवीर तालुक्यातल्या विहिरींच्या अनुभवावरून करत होतो. ती चूक या पाच मिनिटांत कळली.

या सेवेचे खरे मोल अहवालातील भूगर्भीय छेदाच्या, म्हणजे जमिनीखालचे थर उभे कापून दाखवणाऱ्या, आकृतीपाशी समजले. वर काळी माती, तिच्याखाली कामठी वालुकाश्म आणि त्याखाली पर्मियन या फार जुन्या भूशास्त्रीय काळातील बराकर स्तरसमूह, ज्यात कोळशाचे थर आहेत, अशी ती रचना आहे. हे थर आडवे नसून एका दिशेला कललेले आहेत. जुनी खाण कोळसा उथळ असलेल्या बाजूला सुरू झाली होती आणि विस्तार उताराच्या दिशेने, म्हणजे सासऱ्यांच्या गावाकडे, प्रस्तावित आहे. याचा अर्थ असा की पुढे सरकताना तोच कोळसा अधिक खोल जातो, एक टन कोळशामागे काढावी लागणारी दगडमाती वाढते आणि उपसाही अधिक खोलीवरून करावा लागतो. दगडमातीची ही दोन प्रमाणे, जुन्या आणि नव्या खोदकामाची, अहवालात वेगवेगळ्या प्रकरणांत होती. सल्लागारांनी ती शेजारी मांडल्यावरच विस्तार हा केवळ क्षेत्रवाढीचा प्रश्न नाही हे लक्षात आले. फोडलेला खडक जमिनीतल्यापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून ढिगारे नाल्याच्या काठापर्यंत येतात आणि पावसात तिथूनच गाळ वाहतो, हेही त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवले.

त्यानंतर त्यांनी निरीक्षण विहिरींची, म्हणजे पाण्याची पातळी मोजण्यासाठी निवडलेल्या विहिरींची, यादी नकाशावर उतरवली. अभ्यासक्षेत्र 10 किलोमीटर त्रिज्येचे होते, परंतु थर ज्या बाजूला कलतात त्या बाजूची एकही विहीर त्यात नव्हती. छेदात एक भ्रंशरेषा, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेगही होती. अशी भेग कधी पाणी अडवते, तर कधी वाट करून देते, त्यामुळे पंप-चाचणीशिवाय, म्हणजे पाणी उपसून पातळी कशी बदलते ते पाहिल्याशिवाय, तिच्याविषयी काहीही गृहीत धरता येत नाही. आमचे पहिले दोन आक्षेप याच मुद्द्यांवर होते.

तक्रारीही आहेत आणि त्या लहान नाहीत. लेखी टिपण ठरलेल्या दिवसापेक्षा सहा दिवस उशिरा, सुनावणीच्या तोंडावर मिळाले, आणि तेही इंग्रजीत. मराठी करून सासऱ्यांना पाठवण्यासाठी मला दोन रात्री जागावे लागले. शेतकऱ्यांसाठीचे काम घेणाऱ्याने मराठी टिपण शुल्कातच द्यायला हवे. ताडोबाच्या परिसरातील वन्यजीवांच्या वावराविषयी टिपणात अवघ्या दोन ओळी होत्या. प्रत्यक्ष जागेची पाहणी या रकमेत येत नाही. मात्र विहिरीच्या खोलीचे आकडे आम्ही दिलेले आहेत, कार्यालयाने मोजलेले नाहीत, असे त्यांनी टिपणात स्पष्ट लिहिले, हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो.

सुनावणीत सासऱ्यांनी छेदाची आकृती हातात धरून, थर कलतात त्या दिशेला निरीक्षण विहिरी घ्याव्यात अशी मागणी केली आणि ती इतिवृत्तात नोंदवली गेली. मी या सेवेला पाचपैकी चार गुण देतो. जाणाऱ्यांनी गावाचा गट नंबरांसह नकाशा आणि विहिरीच्या पातळीची पावसाळ्यापूर्वीची व नंतरची मोजमापे बरोबर न्यावीत, कारण आमच्याकडे फक्त मे महिन्याचा आकडा होता आणि पहिल्या बैठकीचा बराच वेळ त्यावरच गेला. टिपणाची तारीख मात्र पैसे भरतानाच लेखी घ्यावी.